बुफेचे जेवण आणि धंद्याचा हिशेब

आम्ही कापडाचे व्यापारी. खानावळीच्या धंद्यावर आम्ही लिहावे, हे काहींना नवल वाटेल. परंतु गेल्या महिन्यात एका मित्राच्या घरी असा प्रश्न उभा राहिला की आम्हा चौघा मित्रांना एका उत्तर हिंदुस्थानी बुफे रेस्टॉरंटमध्ये जेवायला जावे लागले, आणि जेवता जेवता हिशेब करावा लागला. तो हिशेब इतरांच्याही उपयोगी पडेल, म्हणून येथे मांडतो.

प्रश्न असा होता. आमचे हे मित्र भिवंडीत यंत्रमाग चालवतात. त्यांच्या धाकट्या मुलाने हॉटेल व्यवस्थापनाचे शिक्षण घेतले आहे. त्याच्या मनात आले की हायवेलगत जागा घ्यावी आणि बुफे रेस्टॉरंट काढावे. दोन सोबती भागीदार होतील. वडिलांनी आपल्या मागांपैकी दहा माग विकून भांडवल द्यावे. मित्र आमच्याकडे आले आणि म्हणाले, "शेठ, मुलाचे मन मोडवत नाही आणि माग विकायला हात धजत नाही. तुम्ही काय म्हणता?"

आम्ही म्हटले, जो माल घ्यायचा तो आधी हाताने चाचपून पाहावा. थान न उघडता सौदा करू नये.

मुलगा म्हणाला, "चाचा, रविवारी चला. बाहेर रांग लागलेली असते, तुम्हीच पाहाल."

आम्ही म्हटले, "बेटा, रांग तू पाहिलीच आहेस. आपण मंगळवारी जाऊ."

सोबत दोन मित्र घेतले. एक निवृत्त मुख्याध्यापक, गणिताचे. दुसरे आमचे उस्ताद, ज्यांनी लग्नाच्या दावतीच्या देगा उतरवण्यात तीस वर्षे घालवली. मित्र, त्यांचा मुलगा आणि आम्ही धरून एकूण पाच जण. दर माणशी ६०० रुपये, कर वेगळा. पाच जणांचे ३,००० आणि ५ टक्के कर १५०, म्हणजे ३,१५० रुपये. या रकमेत आम्ही पोटभर जेवलो आणि मित्राचे दहा माग तूर्त वाचले.

टेबलावर काय, कोठे आणि का

दारातून आत गेलो की पहिल्यांदा सूप, सॅलड आणि चाटचा काउंटर. त्यानंतर भात, डाळ आणि भाज्या. त्यानंतर मटण आणि चिकन. शेवटी मिठाई. आम्हाला ही मांडणी ओळखीची वाटली. दुकानात आम्हीही कमी भावाचा माल दारापाशी ठेवतो आणि भारी माल आतल्या कपाटात. गिऱ्हाईक आत येईपर्यंत त्याचा हात आणि डोळा थोडा भरलेला असतो.

उस्तादांनी पुढचे दाखवले. प्लेट घरच्या ताटापेक्षा लहान होती. पनीर आणि चिकनच्या भांड्यात वाढायचा चमचा लहान, भाताच्या भांड्यात मोठा. कबाब काउंटरवर नव्हतेच. वाढपी ते टेबलावर आणून एकेक तुकडा वाढत होता. कबाब हा सर्वांत महाग माल. तो स्वतःच्या हाताने घ्यायला ठेवला तर एकेक गिऱ्हाईक सहा-सहा उचलील. वाढप्याच्या हातून आला की मागणी आपोआप आवरते आणि गिऱ्हाईकाला खातिरदारी झाल्यासारखे वाटते.

मुख्याध्यापकांनी काउंटरवर एकवीस पदार्थ मोजले. मित्र म्हणाले, "इतके प्रकार रोज करायचे म्हणजे किती माणसे लागतील!" उस्ताद हसले. ते म्हणाले की उत्तर हिंदुस्थानी स्वयंपाकघराचे बळ त्याच्या रश्श्यात आहे. टोमॅटो, लोणी आणि साईची मखनी ग्रेव्ही. कांदा-टोमॅटोची तपकिरी ग्रेव्ही. काजू आणि उकडलेल्या कांद्याची पांढरी ग्रेव्ही. आणि पालकाची हिरवी. सकाळी या चार तयार झाल्या की मखनीत पनीर टाकले तर एक पदार्थ, चिकन टाकले तर दुसरा. पांढरीत कोफ्ते सोडले की तिसरा. हिरवीत पनीर सोडले की चौथा. दाल मखनी मंद आचेवर तासन्‌तास शिजते, पण तिच्याजवळ माणूस सतत उभा राहावा लागत नाही.

आम्हाला लगेच कोरे कापड आठवले. एकाच कोऱ्या थानातून पांढरा, रंगीत आणि छापील असा तीन तऱ्हेचा माल निघतो. साठा एक, प्रकार अनेक. बुफे धंद्याची पहिली शिकवण ही, आणि ती चांगली आहे.

एक भाव, अनेक पोटे

आम्हा पाचांनी सारखेच पैसे दिले. मुख्याध्यापकांना साखरेचा आजार. त्यांनी सूप, दोन फुलके, डाळ आणि सॅलड एवढेच घेतले. मुलगा तरुण, त्याने तीनदा प्लेट भरली. उस्तादांनी प्रत्येक पदार्थ चमचाभर चाखला, कारण त्यांना जेवायचे कमी आणि तपासायचे जास्त होते. मालकाला मुख्याध्यापकांमागे चांगला नफा आणि मुलामागे कदाचित काहीच नाही. सर्वांची सरासरी मात्र त्याला परवडते. म्हणून बुफेवाल्याला कुटुंबे हवी असतात. कुटुंबात आजी असते, लहान मुले असतात. नुसते पैलवान येऊ लागले तर दुकान बंद होईल.

ही गोष्ट आम्ही स्वतः नुकसान सोसून शिकलो आहोत. पूर्वी एकदा आम्ही पाटी लावली होती, "कोणतीही साडी २०० रुपये." ढिगात १२० रुपयांच्या खरेदीच्याही साड्या होत्या आणि २४० च्याही. आम्ही सरासरी धरली होती. पण गिऱ्हाईक सरासरी उचलत नाही. पहिल्या दिवशी पारखी बायांनी २४० च्या सगळ्या वेचून नेल्या आणि १२० च्या आमच्याकडे पडून राहिल्या. एकच भाव लावला की ज्याला त्या भावात जास्त मिळते तोच आधी येतो. एक भाव लावणाऱ्याने ही गोष्ट कधी विसरू नये.

मोठे धंदेही येथे ठेच खातात. अमेरिकेतील रेड लॉबस्टर या मोठ्या रेस्टॉरंट साखळीने जून २०२३ मध्ये २० डॉलरमध्ये हवी तितकी कोळंबी, अशी योजना कायमची सुरू केली. पूर्वी ती वर्षातून थोडे दिवसच असे. गिऱ्हाईक वाढले खरे, पण कोळंबीच त्यांनी अंदाजापेक्षा फार खाल्ली. त्या वर्षीच्या एका तिमाहीत १ कोटी १० लाख डॉलरचा तोटा झाला. मे २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज दिला. भाड्याचा बोजा आणि कारभारातील इतर चुकाही होत्याच, परंतु कोळंबीने त्यात भर घातली. ६०० रुपयांत दाल मखनी अमर्याद देता येते, कोळंबी आणि मटण अमर्याद देता येत नाहीत.

मुलाच्या कागदातील तीन चुका

मुलाने आपला अंदाजपत्रकाचा कागद आणला होता. मेहनतीने केलेला होता. तरी तीन ठिकाणी बोट ठेवावे लागले.

पहिली चूक कराची. आम्ही कापडवाले खरेदीवर भरलेला जीएसटी विक्रीच्या करातून वजा करतो. मुलानेही तसेच धरले होते. पण १५ नोव्हेंबर २०१७ पासून साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के कर असून खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही. जागेच्या भाड्यावर, भट्टीवर, फ्रीजवर आणि फर्निचरवर जो कर भराल तो खर्चातच गेला असे समजावे.

दुसरी चूक सेवाशुल्काची. कागदावर १० टक्के सेवाशुल्क उत्पन्नात धरलेले होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढून हे शुल्क बिलात आपोआप लावण्यास मनाई केली. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना योग्य ठरवल्या. गिऱ्हाईक खुशीने देईल ते त्याचे बक्षीस. त्यावर धंद्याचा पाया उभारू नये.

तिसरी चूक सर्वांत मोठी. मुलाने महिन्याचे तीसही दिवस रविवारसारखे धरले होते.

मंगळवारचा हिशेब

आम्ही त्या रात्री आठ ते साडेदहा बसलो. आमच्यासह एकूण ३१ माणसे जेवायला आली. वाढप्याला सहज विचारले, तो म्हणाला, दुपारी वीसच्या आसपास होते. म्हणजे दिवसाची ५० माणसे धरू. काउंटरवर पदार्थ मात्र एकवीसच होते, आणि भांडी भरलेली होती.

आता मुख्याध्यापकांनी कागदाच्या रुमालामागे केलेला हिशेब देतो. त्यातील आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. ज्याने त्याने आपल्या गावचे आकडे घालून पाहावे.

महिन्याचा बांधील खर्च, म्हणजे गिऱ्हाईक आले नाही तरी द्यावा लागणारा: भाडे १,५०,००० आणि त्यावर १८ टक्के कर २७,०००. पगार २,६०,०००. वीज ९०,०००. भट्टी-फर्निचरची झीज ७०,०००. दुरुस्ती, धुलाई, परवाने ३३,०००. एकूण ६,३०,००० रुपये. तीस दिवसांनी भागले की रोजचे २१,०००.

माणशी येणारा खर्च: अन्न २५०, गॅस आणि किरकोळ ३०, एकूण २८०. विक्री ६००. म्हणजे माणशी ३२० रुपये हाती राहतात. २१,००० ला ३२० ने भागले तर ६६ येतात. रोज ६६ माणसे आली की ना नफा ना तोटा. मुलाचा कागद येथेच संपत होता. त्याला वाटले, ६६ म्हणजे काहीच नाही.

उस्ताद म्हणाले, "थांबा. २५० रुपयांचे अन्न जेवणाऱ्यामागे धरू नका, शिजवलेल्यामागे धरा."

बुफेची खरी गोम येथे आहे. साध्या हॉटेलात गिऱ्हाईक मागणी देते आणि मग तवा चढतो. बुफेत आधी शिजते, मग गिऱ्हाईक येते किंवा येत नाही. भांडी अर्धी रिकामी दिसली तर आलेले गिऱ्हाईक नाराज होते, म्हणून ती भरलेली ठेवावी लागतात. आणि अन्न काही कापड नव्हे. आमचे न खपलेले थान पुढच्या ईदला निघते. काउंटरवर खालून पाणी तापवून साधारण ६० अंशांच्या वर गरम ठेवलेले अन्न थंड झाले, की त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडणारा आपल्याच गिऱ्हाईकाच्या जिवाशी खेळतो.

मग हिशेब असा झाला. मंगळवारी ८० माणसांचे शिजवले, २०,००० रुपये. आली ५०. विक्री ३०,०००. अन्न २०,००० आणि गॅस-किरकोळ १,५०० वजा जाता उरले ८,५००. बांधील खर्च २१,०००. त्या दिवसाचा तोटा १२,५०० रुपये.

रविवारी ११० शिजवले आणि ११० आली. ११० गुणिले ३२० म्हणजे ३५,२००. बांधील खर्च वजा जाता नफा १४,२००.

आता आठवडा पाहा. शनिवार-रविवारचा नफा २८,४००. सोमवार ते शुक्रवारचा तोटा ६२,५००. आठवड्याचा निव्वळ तोटा ३४,१००. रविवारी बाहेर रांग आहे आणि तरीही धंदा बुडतो आहे!

हा आकडा ऐकून मित्र गप्प झाले. मुलाच्या हातातला गुलाबजामही तसाच राहिला.

उपाय काय

आम्ही मुलाला निराश करायला गेलो नव्हतो. म्हणून त्याच रुमालाच्या दुसऱ्या बाजूला उपाय मांडला.

समजा मंगळवारी ८० ऐवजी ५५ माणसांचेच शिजवले आणि ५० आली. अन्न १३,७५०, गॅस-किरकोळ १,५००. हाती उरले १४,७५०. तोटा १२,५०० वरून ६,२५० वर आला. पाच दिवसांचा तोटा ३१,२५०. शनिवार-रविवारचा नफा २८,४०० धरला तर आठवड्याचा तोटा अवघा २,८५०. गिऱ्हाईक एकही वाढले नाही, फक्त उधळण थांबली, आणि ३४,१०० चा खड्डा जवळजवळ भरला. आता रोज पाचच माणसे वाढली, म्हणजे शिजवलेले सगळे ५५ जणांनी खाल्ले, तर रोजचा तोटा ३,४०० होतो, पाच दिवसांचा १७,०००, आणि आठवडा ११,४०० रुपये नफ्यात जातो.

अन्नाची नासाडी करू नये, हे आपण लहानपणापासून दस्तरखानावर ऐकत आलो. त्या रात्री तीच गोष्ट वहीच्या जमा-खर्चात दिसली.

उधळण थांबवायची कशी, हे उस्तादांनी सांगितले. आठवड्याच्या मधल्या दिवसांत भांडी लहान ठेवावीत. लहान भांडे थोड्यात भरलेले दिसते. पदार्थ एकवीसऐवजी बारा करावेत. ग्रेव्ही तयार ठेवावी, पण पनीर-चिकन तिच्यात थोडे थोडे, गिऱ्हाईक पाहून सोडावे. नान-रोटी गिऱ्हाईक बसल्यावरच तंदुरात लावावी. रोज रात्री उरलेले आणि प्लेटमध्ये टाकलेले अन्न वेगवेगळे तोलून वहीत लिहावे. भांड्यात उरले तर चूक स्वयंपाकघराची, प्लेटमध्ये उरले तर पदार्थाची किंवा चमच्याच्या मापाची. काउंटरवर न गेलेले चांगले अन्न त्याच रात्री गरजूंकडे पोहोचवावे.

आम्ही आमच्याकडून एक भर घातली. बुफे फक्त शनिवार-रविवार आणि ठरलेल्या पार्ट्यांना ठेवावा. इतर दिवशी मागणीप्रमाणे साधे जेवण द्यावे. आम्हीही बारा महिने सेल लावत नाही. आपल्या समाजातील गिऱ्हाईक पहिला प्रश्न गोश्त हलाल आहे का, हा विचारते. शाकाहारी गिऱ्हाईक चमचे वेगळे आहेत का, हे विचारते. दोघांनाही पाटीवर आणि प्रत्यक्षात स्वच्छ उत्तर मिळाले पाहिजे.

भागीदारीचा कागद

शेवटी भागीदारीचा विषय निघाला. मुलगा म्हणाला, "चाचा, लहानपणचे दोस्त आहेत, कागद कशाला?"

आम्ही समोरच्या मुर्ग मखनीकडे बोट दाखवले. दिल्लीच्या दर्यागंजमध्ये १९४७ साली मोती महल सुरू झाले. फाळणीनंतर पेशावरहून आलेले कुंदनलाल गुजराल आणि कुंदनलाल जग्गी हे त्यात भागीदार होते. तंदुरी चिकन आणि मुर्ग मखनी जगभर पोहोचवण्यात त्या जागेचा मोठा वाटा आहे. २०१९ साली जग्गींच्या नातवाने आणि त्याच्या सोबत्याने दर्यागंज नावाने वेगळे रेस्टॉरंट काढले. मग मुर्ग मखनी पहिल्यांदा कोणी केली, यावर वाद लागला, आणि जानेवारी २०२४ मध्ये गुजराल घराण्याचा दावा दिल्ली उच्च न्यायालयात आला. आजोबांनी एकत्र भट्टी पेटवली, नातवंडे कोर्टात भेटली. नाव कोणाचे, कृती कोणाची, भागीदार निघाला तर काय घेऊन जाईल, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे.

दुसरे कायद्याचे. १९३२ च्या भागीदारी कायद्यातील कलम २५ प्रमाणे भागीदार असताना पेढीने केलेल्या देण्याला प्रत्येक भागीदार इतरांसह आणि एकटाही जबाबदार असतो. दोन दोस्त हात वर करून निघाले तर सावकार तिसऱ्याच्या, म्हणजे वडिलांनी भागीदार म्हणून सही केली असेल तर वडिलांच्या, दारात येतो. मग दहा मागांवर गोष्ट थांबत नाही.

काय ठरले

बिल दिले आणि बाहेर आलो. मित्र बराच वेळ बोलले नाहीत. मग मुलानेच विचारले, "उस्ताद, तुमच्या भटारखान्यात मला तीन महिने काम द्याल?" उस्ताद म्हणाले, "देईन. पण पहिला महिना भांडी तोलायची."

माग अजून विकलेले नाहीत. मुलगा रोज पहाटे उस्तादांकडे जातो. तीन महिन्यांनंतर, स्वतःचे आकडे घेऊन, तो पुन्हा कागद मांडणार आहे. तेव्हा हिशेब जमला तर माग विकू नका, असे आम्ही म्हणणार नाही. मित्रालाही तसे सांगून ठेवले आहे.

वाचकांसाठी स्वाध्याय

१. तुमच्या दुकानाचा रोजचा बांधील खर्च किती? गल्ल्यावर बसून आजच काढा.

२. तुमच्या धंद्यातील "मंगळवार" कोणता? त्या दिवशीची गिऱ्हाइके चार आठवडे मोजून लिहा.

३. वरील उदाहरणात दर ६०० ऐवजी ५०० केला आणि बाकी सर्व तेच ठेवले, तर ना नफा ना तोटा यासाठी रोज किती माणसे लागतील? (उत्तर: माणशी २२० उरतात, म्हणून ९६. दर शंभराने उतरला, पण गिऱ्हाईक जवळजवळ दीडपट लागले.)

४. तुमच्याकडे न खपलेला माल दुसऱ्या दिवशी टिकतो की नासतो? नासत असेल तर खरेदीचा अंदाज कोण करतो आणि तो लिहून ठेवतो का?